पांढरा देवमासा आणि शिकारीचा हिशेब

बँकेतील ठेवीवर व्याज मिळते. केवळ व्याजच खर्च केले तर मुद्दल कायम राहते. पण खर्च व्याजाहून वाढला की मुद्दलाला गळती लागते. वन्य प्राण्यांच्या शिकारीलाही हाच हिशेब लागू पडतो. तो कसा, हे आपण अलास्कातील पांढऱ्या देवमाशांच्या उदाहरणावरून पाहू.

या देवमाशाला बेलुगा म्हणतात. ‘पांढरा’ या अर्थाच्या रशियन शब्दावरून हे नाव पडले. तो मासा नव्हे. आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे. पूर्ण वाढलेला बेलुगा साधारण चार मीटर लांब असतो. पिल्लू मात्र करड्या रंगाचे असते आणि वयाबरोबर पांढरे होत जाते. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते. गर्भकाळ सव्वा वर्षाच्या आसपास असतो आणि दोन वेतांत सुमारे तीन वर्षांचे अंतर पडते. म्हणजे या मुद्दलावर व्याज फार थोडे!

अलास्काच्या दक्षिणेस कुक आखात आहे. अँकरेज हे मोठे शहर त्याच्याच काठी वसलेले आहे. येथील बेलुगा आखात सोडून दूर जात नाहीत व इतर कळपांत मिसळत नाहीत. त्यामुळे येथे घट झाली तर ती बाहेरून भरून येत नाही. १९७९ साली त्यांची संख्या सुमारे १३०० असावी, असा अंदाज होता.

अमेरिकेत १९७२ साली सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु अलास्काच्या मूळ रहिवाशांना उदरनिर्वाहापुरती शिकार करण्याची मुभा ठेवण्यात आली. ते योग्यच होते. कारण बेलुगाचे मांस व चरबी हे त्यांचे पिढ्यान् पिढ्यांचे अन्न आहे. मात्र कुक आखातात वर्षाला किती शिकार करावी, याला मर्यादा नव्हती. शिवाय येथील पाणी गाळाने गढूळ असल्याने जखमी होऊन बुडालेले काही प्राणी हातीच लागत नसत.

आता आकडे पाहा. १९९४ साली अंदाजे ६५३ बेलुगा होते. १९९८ साली ३४७ उरले. चार वर्षांत ३०६ कमी, म्हणजे वर्षाला सरासरी ७६.५! वाढीचा दर ४ टक्के धरला, तर ६५३ प्राण्यांत वर्षाला केवळ २६ ची भर पडते. मुद्दल कसे आटले, हे सांगायला नको.

१९९९ साली शिकाऱ्यांनी स्वतःहून शिकार थांबवली. त्याच वर्षी कायद्याने असे ठरले की, सरकार व मूळ रहिवाशांच्या संघटना यांच्यात करार झाल्याशिवाय शिकार होऊ नये. त्यानंतर २००५ पर्यंत अवघे पाच बेलुगा मारले गेले आणि पुढे एकही नाही. २००८ च्या नियमांनुसार मागील पाच वर्षांची सरासरी ३५० च्या खाली असेल, तर शिकारीला परवानगीच मिळत नाही. त्याच वर्षी या देवमाशांची नोंद संकटग्रस्तांच्या यादीत झाली.

मग संख्या वाढली का? शिकार थांबताच वर्षाला २ ते ६ टक्के वाढ होईल, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात २०१८ चा अंदाज २७९ आणि २०२२ चा ३३१ निघाला. जहाजांचा व बांधकामांचा आवाज, प्रदूषण, माशांची टंचाई अशी अनेक कारणे तपासली जात आहेत. पण कोणतेही एक कारण सिद्ध झालेले नाही. लहान झालेल्या समूहाला प्रत्येक लहानसा आघातही जड जातो.

याउलट, अलास्काच्याच ब्रिस्टल उपसागरात सुमारे २००० बेलुगा आहेत. तेथे दरवर्षी थोडी शिकार होते, तरी संख्या टिकून आहे. तेव्हा शिकार हाच काही सर्वस्वी दोष नव्हे. हिशेब न ठेवता केलेली शिकार हा दोष होय. आणि मर्यादा घालायची, ती मुद्दल शाबूत असतानाच!

आता वही घ्या. १९९८ मधील ३४७ बेलुगा दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढले असते, तर ७८० चा टप्पा गाठण्यास किती वर्षे लागली असती? (उत्तर : सुमारे २१ वर्षे.) म्हणजे कोणते साल येते, ते काढा आणि २०१८ च्या आकड्याशी ताडून पाहा.