घोड्याचे कुलूप किती जुने?

प्रश्न : आजीच्या पेटीला घोड्याच्या आकाराचे पितळी कुलूप आहे. किल्ली आट्यांची, फिरवत आत घालावी लागते. ते किती जुने असेल?
— एक वाचक, मुकुटबन (ता. झरी-जामणी)

उत्तर : आधी एक विनंती. ते चिंच लावून घासू नका! खाचांतला काळपटपणा हाच तुमचा पुरावा आहे. आकारावरून काळ ठरवू नका, कारण असे घोडे, मासे, विंचू आजही नव्याने ओतले जातात. आट्यांची किल्लीही एकटी पुरेशी नाही.

भिंगातून पाहा. हाताने घडवलेल्या किल्लीचे आटे किंचित असमान असतात, कानशीचे ओरखडे दिसतात. कडी जिथे आत-बाहेर सरकते तिथेच झीज जास्त हवी. सगळीकडे सारखीच झीज आणि सारखाच काळेपणा असेल, तर तो मुद्दाम आणलेला असण्याची शक्यता मोठी. कारखान्याचा शिक्का सापडला तर काम सोपे होते. गोदरेजची कुलुपे 1897 नंतरचीच.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी कुलुपे आहेत, ती जरूर पाहा. आणि ही पेटी घरात कधी आली, तेही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा.