भूमिखनक मधमाशी : नाव आणि नकाशा

मधमाशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पोळे उभे राहते. युरोपातील ‘अँड्रीना फुल्वा’ ही मधमाशी मात्र पोळे बांधीत नाही. प्रत्येक मादी जमिनीत स्वतःचे बीळ खणते. बिळाच्या तोंडाशी मातीचा इवलासा ज्वालामुखी उभा राहतो.

लिनीयसने सर्व मधमाश्या ‘एपिस’ या एकाच प्रजातीत घातल्या होत्या. म्युलरने १७६६ मध्ये हिचे वर्णन केले तेही त्याच नावाखाली. १७७५ मध्ये फॅब्रिशियसने ‘अँड्रीना’ ही प्रजाती वेगळी काढली. आज तीत दीड हजारांवर जाती मोजल्या जातात. इतक्या गर्दीत ओळख पटविणे सोपे नव्हे. त्यातही आमच्या या मादीची पाठ कोल्ह्याच्या केसांसारखी तांबूस, तर नर लहान व फिकट, तोंडावर पांढरे केस असलेला. नवख्याला या दोन निराळ्या जातीच वाटाव्यात!

बाल्कन प्रदेशापासून दक्षिण स्कँडिनेव्हियापर्यंत हिचा आढळ आहे. ब्रिटनमध्ये ती बागेतल्या हिरवळीतही दिसते. शेजारच्या आयर्लंडमध्ये मात्र १९२५ नंतर तिची नोंद झाली नव्हती, आणि तेथून ती नामशेष झाली असे मानले जात होते. २०१२ मध्ये किलकेनी परगण्यात ती पुन्हा आढळली.

मधल्या ८७ वर्षांत ती तेथे नव्हतीच, की कोणी पाहिली नाही? आढळाचा नकाशा वाचताना हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कारण तो नकाशा माशीइतकाच पाहणाऱ्यांचाही असतो. ही माशी वसंतातले काही आठवडेच उडते. नवी पिढी शरद ऋतूतच पूर्ण वाढते, पण बाहेर न येता सारा हिवाळा मातीखालच्या कोठडीत काढते.