लाल दिवा केव्हा लागला?



गेल्या वर्षीच्या महाराष्ट्र दिनाची गोष्ट. देवळाली कॅम्पमधील एका शाळेच्या मैदानावर १ मे रोजी सकाळी झेंडावंदन झाले आणि मग बक्षीस समारंभ सुरू झाला. समारंभापूर्वी तासभर गाणी वाजत होती. ऊन तापले होते. एका मुलीचे नाव पुकारले जात असतानाच आवाज एकदम बंद पडला. मुलगी व्यासपीठाच्या पायरीवर तशीच उभी! ॲम्प्लिफायरवरचा 'प्रोटेक्ट' असे लिहिलेला लाल दिवा लागला होता. माईकवाल्याने बटण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा लावले. दोन नावे झाली आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्याला मदत करणारा नववीतला एक मुलगा मला म्हणाला, "सर, हा दिवा लागला की आवाज जातो. मग तो दिवाच काढून टाकला तर?" शेजारच्या एका गृहस्थांनी त्याच्याही पुढची युक्ती सुचवली : "आत एक उष्णतेची चकती असते. तिच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाका. दिवा लागणारच नाही."

ही युक्ती अमलात आणली असती तर समारंभ आणखी काही मिनिटे चालला असता आणि मग बहुधा धूर निघाला असता. त्या मुलाची चूक मात्र समजून घेण्यासारखी आहे. दिवा लागतो म्हणून आवाज जात नाही. यंत्रात काहीतरी मर्यादेबाहेर गेलेले असते. त्यामुळे आवाजही तोडला जातो आणि दिवाही लागतो. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडून कसे चालेल? हे 'काहीतरी' कोणते, ते बाहेरून कसे ओळखावे, हे आपण आज पाहू. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या फारसे पुढचे नाही.

उदाहरणासाठी एक यंत्र

ॲम्प्लिफायरचे काम थोडक्यात असे : माईककडून येणारे क्षीण विद्युत्तरंग घ्यायचे आणि त्याच आकाराचे, पण जोरदार तरंग स्पीकरला द्यायचे. हा जोर येतो यंत्रातील वीजपुरवठ्याकडून. शेवटच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर पाण्याच्या तोटीप्रमाणे हा पुरवठा कमीजास्त सोडतात.

समजा, आपल्या यंत्राचा अंतर्गत पुरवठा +४५ आणि -४५ व्होल्टचा आहे. थोडा दाब ट्रान्झिस्टरांतच खर्ची पडतो. म्हणून स्पीकरला मिळणाऱ्या तरंगाचे शिखर जास्तीत जास्त ४० व्होल्टपर्यंत जाते, असे धरू. साइन तरंगाच्या शिखराला √२ ने भागले की त्याचे परिणामी मूल्य मिळते. येथे ते २८.३ व्होल्ट आहे. स्पीकर ८ ओहमचा असेल तर शक्ती = (२८.३)² ÷ ८ = १०० वॅट. ४ ओहमला हीच शक्ती २०० वॅट होईल आणि प्रवाहाचे शिखर ४० ÷ ४ = १० अँपिअर असेल. यंत्राच्या मागे 'किमान ४ ओहम' असे लिहिलेले आहे, असेही समजू.

क्लिपचा दिवा : तरंगाचे डोके कापले जाते

आवाजाची कळ आणखी फिरवली आणि तरंगाला ५५ व्होल्टचे शिखर हवे झाले तर? पुरवठ्यातच तेवढे नाही. मग तरंगाचे डोके ४० व्होल्टवर सपाट कापले जाते. यालाच 'क्लिपिंग' म्हणतात. तसे होऊ लागले की क्लिपचा दिवा लुकलुकतो. आवाज फाटल्यासारखा, चिरका येतो.

पुष्कळांना वाटते की आवाज फाटला एवढेच नुकसान. पण गणित करून पाहा. तरंग पूर्ण कापला जाऊन जवळजवळ चौकोनी झाला, तर दाब सतत ४० व्होल्टच राहील. ८ ओहममध्ये शक्ती होईल ४० × ४० ÷ ८ = २०० वॅट. म्हणजे १०० वॅटचे यंत्र स्पीकरला दुप्पट तापवू लागले! शिवाय कापलेल्या कडांमुळे मूळ आवाजात नसलेले उंच स्वर निर्माण होतात आणि ते पेटीतल्या उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरकडे जातात. त्याची तार केसासारखी बारीक असते. पहिला बळी बहुधा तिचाच जातो.

ढोलकीच्या एखाद्या थापेला हा दिवा क्षणभर चमकला तर चिंता नको. तो स्थिर जळू लागला तर आवाज कमी करावा. दुसरा उपाय नाही.

प्रोटेक्टचा दिवा : एक दिवा, तीन कारणे

बऱ्याच यंत्रांत उष्णता, अतिप्रवाह आणि एकदिश दाब या तिन्ही संकटांसाठी एकच लाल दिवा असतो. ती एकेक पाहू.

*उष्णता.* पुरवठ्याकडून घेतलेली सगळी शक्ती स्पीकरकडे जात नाही. उरलेली ट्रान्झिस्टरांत उष्णता होऊन बाहेर पडते. ती हवेत सोडण्यासाठी ट्रान्झिस्टर ॲल्युमिनियमच्या दातेरी ठोकळ्यावर बसवलेले असतात. याला हीट सिंक म्हणतात. ठोकळ्यावरील चकती ठरावीक तापमानाला, समजा ८५ अंश सेल्सिअसला, स्पीकर तोडते.

आता त्या दिवशीच्या मैदानाकडे वळू. शाळेच्या सभागृहात नेहमी ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडलेल्या असत, म्हणजे एकूण ४ ओहम. मैदान मोठे म्हणून आणखी तशाच दोन पेट्या समांतर जोडल्या होत्या. एकूण रोध झाला २ ओहम. आवाज मात्र बेताचाच ठेवला होता. मग बिघडले कोठे? आपले उदाहरणाचे यंत्र घेऊन हिशेब करू.

दोन्ही वेळी प्रवाहाचे शिखर १० अँपिअर आहे असे समजा. साइन तरंगाची सरासरी, दोन्ही अर्धे धरून, शिखराच्या ०.६३७ पट असते. म्हणजे सरासरी प्रवाह ६.३७ अँपिअर. पुरवठा ४५ व्होल्टचा, म्हणून घेतलेली शक्ती ४५ × ६.३७ = सुमारे २८६ वॅट. ही दोन्ही वेळी सारखीच.

४ ओहमच्या वेळी स्पीकरला २०० वॅट मिळतात. ट्रान्झिस्टरांच्या वाट्याला उरतात ८६ वॅट.

२ ओहमच्या वेळी दाबाचे शिखर फक्त २० व्होल्ट लागते. स्पीकरला १०० वॅट मिळतात. ट्रान्झिस्टरांच्या वाट्याला उरतात १८६ वॅट!

प्रवाह तोच, पुरवठ्यावरचा भार तोच. आवाजाची शक्ती निम्मी आणि यंत्रातील उष्णता दुपटीहून जास्त. आता समजा, दर वॅट उष्णतेमागे हीट सिंकचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा ०.४ अंशाने वाढते. ८६ वॅटला वाढ होईल ३४ अंश, १८६ वॅटला ७४ अंश. जानेवारीतल्या गार संध्याकाळी हवा १५ अंश असेल, तर अनुक्रमे ४९ आणि ८९ अंश. मे महिन्यात उन्हातल्या टेबलावर हवा ४० अंश असेल, तर ७४ आणि ११४ अंश.

हे चार आकडे नीट पाहा. दोन पेट्या असताना मे महिन्यातही यंत्र ८५ अंशांच्या खाली राहते. चार पेट्या असताना ते जानेवारीतही मर्यादा ओलांडते. तेव्हा दोष एकट्या उन्हाचा नव्हता, ऊन हे निमित्त झाले. प्रत्यक्ष भाषण-गाण्यात तरंग सतत एवढा जोरदार नसतो, म्हणून उष्णता कमी असते आणि यंत्र लगेच न थांबता तासाभराने थांबते. पण दोन जोडण्यांतील फरकाची दिशा तीच राहते.

*अतिप्रवाह.* स्पीकरच्या तारेचे दोन-चार केस टोकाशी सुटून एकमेकांना चिकटले की रोध जवळजवळ शून्य होतो. ओहमच्या नियमाने प्रवाह बेसुमार वाढू पाहतो. तो मोजण्यासाठी ट्रान्झिस्टरच्या वाटेत ०.२२ ओहमसारखा अगदी लहान रोध बसवलेला असतो. १० अँपिअरला त्यावर २.२ व्होल्ट मिळतात. ते ठरवलेल्या मर्यादेपुढे गेले की संरक्षक मंडल प्रवाह आवरते किंवा तोडते.

*एकदिश दाब.* हे संकट सर्वांत घातक. ट्रान्झिस्टर जळताना बहुधा आतल्या आत जोडला जातो. मग पुरवठ्याचे सबंध ४५ व्होल्ट एकाच दिशेने स्पीकरवर येतात. ८ ओहमच्या स्पीकरच्या वेटोळ्याचा एकदिश प्रवाहाला होणारा रोध ६ ओहमच्या आसपास असतो. प्रवाह होईल ७.५ अँपिअर आणि शक्ती सुमारे ३३७ वॅट. वेटोळे एका बाजूला ढकलले जाऊन तेथेच थांबते. हलले असते तर भोवती हवा खेळून थोडे गार तरी झाले असते. काही सेकंदांत ते जळते, कागदी शंकूही पेटू शकतो.

हे यंत्राला कळते कसे? ध्वनीचा तरंग जितका धन तितकाच ऋण, म्हणून त्याची सरासरी शून्य. एक रोध आणि एक धारित्र यांची जोडी ही सरासरी काढते. समजा रोध २२,००० ओहम आणि धारित्र ४७ मायक्रोफॅरड आहे. त्यांचा गुणाकार जवळजवळ एक सेकंद येतो. ध्वनीची उलटसुलट कंपने एवढ्या अवधीत एकमेकांना पुसून टाकतात. एकदिश दाब मात्र पुसला जात नाही. धारित्रावर ०.६ व्होल्ट साठताच एक छोटा ट्रान्झिस्टर जागा होतो आणि रिले स्पीकर तोडतो. ४५ व्होल्ट आले तर एवढे साठायला दीड शतांश सेकंदही लागत नाही.

जुन्या काचेच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत ही चिंता नसे. त्यांत स्पीकरच्या आधी ट्रान्सफॉर्मर असे आणि ट्रान्सफॉर्मरमधून एकदिश प्रवाह पलीकडे जात नाही. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पुढे त्याच्या यंत्रांतून हा जड ट्रान्सफॉर्मर गेला, स्पीकर थेट जोडले जाऊ लागले आणि मग हा पहारेकरी नेमावा लागला.

दिवा केव्हा लागला?

दिवा एकच असेल तर कारण कसे ओळखावे? तो केव्हा लागला ते पाहावे.

१. बटण लावताच लागला आणि तीन-चार सेकंदांनी 'टक्' असा आवाज होऊन विझला : यंत्र ठीक आहे. आतले दाब स्थिर होईपर्यंत रिले थांबून राहतो, एवढेच.

२. बटण लावताच लागला आणि विझतच नाही : बटण बंद करून स्पीकरच्या सर्व तारा काढाव्यात, मग पुन्हा लावून पाहावे. दिवा विझला तर दोष बहुधा तारेत किंवा पेटीत. तरीही विझला नाही तर दोष यंत्राच्या आत. यंत्र कारागिराकडे न्यावे.

३. जोराच्या आवाजाला लागतो, आवाज कमी केला की जातो : प्रवाह जास्त होतो आहे. पेट्यांची जोडणी आणि एकूण रोध तपासावा.

४. अर्ध्या-एक तासाने लागतो आणि यंत्र गार झाले की आपोआप विझतो : उष्णता. सावली, खेळती हवा आणि पुन्हा एकदा एकूण रोध पाहावा.

त्या दिवशी आमचा दिवा चौथ्या प्रकारचा होता. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून टाकलेले कापड काढले, टेबल कडुनिंबाच्या सावलीत नेले, दोन पेट्या सोडवल्या आणि मागच्या मुलांना पुढे बोलावून बसवले. पंधरा मिनिटांनी दिवा आपोआप विझला. पायरीवरच्या मुलीचे नाव पुन्हा, या वेळी पूर्ण, पुकारले गेले. सोडवलेल्या पेट्यांची उणीव कोणालाही भासली नाही.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. यंत्र स्वतः उघडू नका. बटण बंद केल्यावरही आतल्या धारित्रांत धोकादायक विद्युत्भार राहू शकतो. आणि फ्यूज उडाला तर त्या जागी तांब्याची तार कधीही घालू नका.

आणखी एक गोष्ट. देवळालीला तोफखाना विद्यालय आहे. सरावाच्या वेळी तोफेजवळचे जवान कानांना संरक्षण लावतात, कारण कानाला प्रोटेक्टचा दिवा नाही आणि आतली नाजूक केसपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे.

करून पाहा

एक जुना, निकामी ठरवलेला स्पीकर घ्या. त्याच्या दोन टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर जोडा. 'ठप्' असा आवाज होईल, शंकू एका बाजूला सरकेल आणि सेल जोडलेला असेपर्यंत तेथेच राहील. त्या वेळी आवाज मात्र येणार नाही. सेल उलटा जोडा. शंकू दुसऱ्या बाजूला जाईल. एकदिश दाब स्पीकरला मुका का करतो, ते डोळ्यांनी दिसेल.

सोडवून पाहा

१. वरील यंत्राला ८ ओहमच्या दोन पेट्या एकसर जोडल्या तर एकूण जास्तीत जास्त किती शक्ती मिळेल?

२. ८ ओहमची एकच पेटी पूर्ण शक्तीने वाजत असताना ट्रान्झिस्टरांत किती वॅट उष्णता निर्माण होईल?

३. हवा ४० अंश असताना त्या वेळी हीट सिंकचे तापमान किती होईल?

(उत्तरे : १. ५० वॅट. २. सुमारे ४३ वॅट. ३. सुमारे ५७ अंश सेल्सिअस.)