शेवटपर्यंत आज्ञाधारक

आज्ञापालन हा शब्द विद्यार्थ्यांच्या कानांवर इतक्या वेळां पडतो कीं, त्याचा अर्थ शाळेच्या फाटकाशींच संपतो, अशी कित्येकांची समजूत झालेली असते. घंटा झाली कीं उठावें, गुरुजी आले कीं उभें राहावें, वसतिगृहांतील दिवे मालवले कीं पुस्तक मिटावें. हें सारें चांगलेंच आहे. परंतु घंटा वाजविणारा कोणी नसेल, तेव्हां काय? पवित्र शास्त्रानें देवाच्या आज्ञेंत राहणें हें बाल्यापुरतें सांगितलेलें नाहीं; तें जन्मभराचें व्रत आहे. तें कशानें तुटतें आणि कशानें टिकतें, हें दोन पुरुषांच्या व एका स्त्रीच्या चरित्रांवरून आम्ही या धड्यांत पाहूं.

पहिलें चरित्र यहूदाचा राजा योवाश याचें. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकांत २२ ते २४ या अध्यायांत तें आलें आहे. अथल्या राणीनें राजवंशाचा संहार चालविला, तेव्हां यहोयादा याजकाच्या पत्नीनें या तान्ह्या बालकास लपविलें, आणि सहा वर्षें देवाच्या मंदिरांत त्याचें रक्षण झालें. सातव्या वर्षीं तो गादीवर बसला. यहोयादा जिवंत होता तोंपर्यंत त्याचें वर्तन सरळ होतें. इतकेंच नव्हे, तर मंदिराची दुरुस्ती करावी हें त्यानेंच मनावर घेतलें. त्यासाठीं द्वाराजवळ पेटी ठेवविली आणि लोकांनीं ती आनंदानें भरली. अशा राजाविषयीं कोणास शंका यावी?

पुढें यहोयादा १३० वर्षांचा होऊन मरण पावला. त्यानंतर यहूदाचे सरदार येऊन राजास मुजरे करूं लागले, आणि राजानें त्यांचें ऐकलें. मंदिर सुटलें, मूर्तिपूजा सुरू झाली. यहोयादाचाच पुत्र जखऱ्या यानें लोकांस सावध केलें, तेव्हां राजाच्या हुकुमानें त्यास दगडमार करण्यांत आला, आणि तोही मंदिराच्या अंगणांत! ज्या मंदिराच्या आश्रयानें योवाश बालपणीं वांचला, तेथेंच त्यानें आपल्या उपकारकर्त्याच्या मुलाचें रक्त सांडविलें. वर्षभरांत अरामाच्या लहानशा सैन्यानें त्याचा पराभव केला, आणि शेवटीं त्याच्याच चाकरांनीं त्यास बिछान्यावर ठार मारिलें. यहोयादा याजक असून त्यास राजांच्या पंक्तीस पुरण्यांत आलें. योवाश राजा असून त्यास ती जागा मिळाली नाहीं.

योवाश ढोंगी होता असें आम्हांस वाटत नाहीं. त्याचा आज्ञाधारकपणा खरा होता, पण उसना होता. यहोयादा देवाचें ऐकत असे, आणि योवाश यहोयादाचें ऐकत असे. यहोयादा गेल्यावर कान तोच राहिला, बोलणारे मात्र बदलले. ऐकण्याची संवय त्यास होती. कोणाचें ऐकावयाचें हें त्यानें स्वतः कधीं ठरविलें नव्हतें. सज्जनांच्या छायेंत वाढलेल्या प्रत्येक मुलामुलीनें येथें क्षणभर थांबून विचार करावा, कारण जी छाया आपणांस लाभते, तीच कित्येकदां आपलें खरें स्वरूप आपल्यापासून झांकून ठेविते.

दुसरें चरित्र यफुन्नेचा पुत्र कालेब याचें. कनान देश हेरण्यासाठीं मोशेनें १२ पुरुष पाठविले, त्यांत हा एक होता. त्या वेळीं त्याचें वय ४० वर्षांचें होतें. देश पाहून परत आल्यावर दहा जणांनीं लोकांचें धैर्य खचविलें. कालेब व यहोशवा या दोघांनींच देवावर भरंवसा ठेवून पुढें जावें असें सांगितलें, तेव्हां लोक त्यांना दगडमार करण्याची भाषा बोलूं लागले. या अविश्वासामुळें इस्राएल लोकांस अरण्यांत ४० वर्षें फिरावें लागलें.

येथें एक गोष्ट सहज नजरेआड होते. ती शिक्षा इतरांच्या अपराधाची होती. तरी कालेबासही तीच वाळू तुडवावी लागली. ज्यांनीं आज्ञा मोडली तेही चालत होते, आणि ज्यानें पाळली तोही चालत होता. अशा वेळीं माणसाच्या मनांत येतें, ‘मग पाळून मला मिळालें काय?’ पुष्कळांचा आज्ञाधारकपणा एखाद्या मोठ्या पापानें संपत नाहीं. तो या लहानशा प्रश्नानें संपतो. कालेबाचा संपला नाहीं. ४५ वर्षांनीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, तो यहोशवापुढें उभा राहिला आणि त्यानें देवानें वचन दिलेला हेब्रोनचा डोंगराळ प्रदेश मागून घेतला. तेथें धिप्पाड अनाकी लोक व तटबंदीचीं मोठीं नगरें होतीं. तरुणपणीं ज्यांस पाहून त्याचे सोबती भ्याले, त्यांच्यावरच चालून जाण्यास हा वृद्ध सिद्ध झाला! त्यानें देवास पूर्णपणें अनुसरलें, ही साक्ष यहोशवाच्या १४ व्या अध्यायांत तीन वेळां आली आहे.

तिसरें चरित्र आपल्याच महाराष्ट्रांतील आहे. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालचा. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. देवाच्या आज्ञेंत राहणें म्हणजे प्रत्येक माणसापुढें मान तुकविणें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं रमाबाईंचा तेथील ख्रिस्ती भगिनींशीं झालेला पत्रव्यवहार पाहावा. तो १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे. ज्यांच्या आश्रयास त्या राहिल्या आणि ज्यांच्याविषयीं त्यांना प्रेम होतें, त्यांच्याशींही सदसद्विवेकाच्या प्रश्नांत त्या स्पष्टपणें बोलल्या. योवाशाजवळ जें नव्हतें, तें हेंच होय.

१८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्य प्रांतांतून निराधार मुली आणल्या व केडगांव येथें त्यांस घर दिलें. पुढें पवित्र शास्त्र साध्या मराठींत आणावें म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षें भाषांतर चालविलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती कन्या मनोरमाबाई निवर्तली. आईच्या कार्याचा भार पुढें जिनें वाहावयाचा, तीच आधीं गेली! तरीही रमाबाईंनीं हातांतलें काम टाकलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला. भाषांतरित शास्त्र १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. तें पाहावयास त्या नव्हत्या. कालेबास हेब्रोन मिळालें, रमाबाईंस छापलेलें पुस्तक पाहावयास मिळालें नाहीं. पण आज्ञापालन दोघांचेंही पूर्ण झालें. फळ केव्हां द्यावयाचें हें देवाचें काम. चालत राहणें एवढेंच आपलें.

या सर्वांहून थोर उदाहरण आपल्या प्रभूचें आहे. बाराव्या वर्षीं यरुशलेमच्या मंदिरांत ज्याच्या ज्ञानानें पंडित चकित झाले, तो येशू त्यानंतर नासरेथास जाऊन आईबापांच्या आज्ञेंत राहिला. तोच पुढें गेथशेमाने बागेंत, मृत्यु समोर दिसत असतां, आपली इच्छा पित्याच्या इच्छेखालीं ठेवितो. सुताराच्या घरांतील आज्ञापालन आणि वधस्तंभावरील आज्ञापालन हीं दोन नव्हेत; एकाच सुताचा तो आरंभ व अंत आहे.

कोणी म्हणेल, ‘जन्मभर न चुकतां चालणें कोणास साधलें आहे?’ हा प्रश्न रास्त आहे. पेत्रानें एका रात्रींत तीन वेळां प्रभूस नाकारलें. परंतु तो रडला, परतला, आणि प्रभूनेंही तीन वेळां त्यास प्रीतीविषयीं विचारून आपलीं मेंढरें त्याच्या हातीं दिलीं. शेवटपर्यंत आज्ञाधारक राहणारा तो नव्हे, कीं जो कधीं पडलाच नाहीं. पडल्यावर देवापासून पळण्याऐवजीं जो देवाकडेच वळतो, तोच होय.

यंदा जे विद्यार्थी शाळा सोडून जात आहेत, त्यांस आम्ही तीन प्रश्न बरोबर देतों. कोणी न सांगतां आपण प्रार्थनेस बसतों काय? आपली स्तुति करणाऱ्यांचें आपण अधिक ऐकतों, कीं आपणांस सावध करणाऱ्यांचें? आणि चांगलें वागून कांहींच पदरीं पडलें नाहीं, तर उद्यांही तसेंच वागूं काय? यांचीं उत्तरें परीक्षेच्या कागदावर लिहावयाचीं नाहींत. तीं कचेरींत, शेतांत, दुकानांत व संसारांत, कोणी पाहात नसतांना लिहिलीं जातात.

प्रत्येकाच्या जीवनांतला यहोयादा एक दिवस जातोच. तो जाण्यापूर्वीं, ज्या देवाचें तो ऐकत असे त्याची वाणी ओळखण्यास आपण शिकावें, आणि मस्तकावरचे केस पांढरे झाले तरी हेब्रोनचा डोंगर मागण्याचें बळ प्रभूनें आपणां सर्वांस द्यावें, एवढीच आमची प्रार्थना आहे.