वर्गातील टिपणे

म्हैसूर विद्यापीठात एम्. हिरियण्णा यांनी भारतीय तत्त्वज्ञानावर अनेक वर्षे व्याख्याने दिली. त्या व्याख्यानांच्या आधारे सिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. असे भाग्य थोड्याच व्याख्यानांना लाभते. बहुतेक अध्यापकांचे बोलणे तासाच्या घंटेबरोबर संपते. त्यानंतर जे उरते ते विद्यार्थ्याच्या वहीत. ही वही कशी लिहावी, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका क्षुल्लक नाही.

पहिली अडचण वेगाची. वक्ता मिनिटाला सुमारे शंभर ते दीडशे शब्द बोलतो. लिहिणारा हात त्याच्या चौथाईलाही क्वचितच पोहोचतो. सर्व काही उतरवून घेण्याचा हट्ट धरणारा विद्यार्थी मागचे वाक्य पुरे करीत असतो, तोवर पुढचे कानावरून निघून जाते. निवड ही करावीच लागते.

कावेरीच्या शिवसमुद्रम् येथील धबधब्यावर निर्माण केलेली वीज १९०२ मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर दूर, कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविण्यात आली. हा पाठ ऐकताना एक विद्यार्थी नदी, साल व अंतर टिपून थांबतो. दुसरा लिहितो : ‘उंचावरचे पाणी – चक्र – वीज – तारा – कोलार. दाब वाढविला, म्हणून प्रवाह कमी. प्रवाह निम्मा तर तारेतील व्यय चौथाई.’ साल त्याच्या हातून सुटले असेल, पण ते कोणत्याही पुस्तकात सापडेल. कारणांची साखळी मात्र वर्गात निसटली, तर नुसत्या नावांवरून ती पुन्हा जुळविणे कठीण. व्याख्या, सूत्रे व फळ्यावरील आकृत्या तेवढ्या जशाच्या तशा घ्याव्यात. तेथे स्वतःच्या शब्दांचे धाडस नको.

म्हैसूरसारख्या शहरात घरची भाषा कन्नड, उर्दू, तेलुगू वा मराठी आणि वर्गाची इंग्रजी, असे पुष्कळदा असते. अशा वेळी न उमगलेली वाक्ये सुंदर अक्षरात उतरतात आणि वही भरल्याचे खोटे समाधान मिळते. पारिभाषिक शब्द तसाच ठेवून बाकीचा आशय घरच्या भाषेत टिपण्यास कोणतीच हरकत नाही. न उमगलेले उमगले नाही हे त्यामुळे निदान तत्काळ कळते.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विस्मरणाची मोजणी केली व ती १८८५ मध्ये प्रसिद्ध केली. विसर आरंभी झपाट्याने पडतो, पुढे त्याची गती मंदावते, असे त्याला आढळले. वर्गातील अर्थपूर्ण पाठ इतका लवकर विसरला जात नाही हे खरे. तरी टिपण त्याच संध्याकाळी उघडणे इष्ट. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी यासाठी पानाच्या डावीकडे रुंद समास सोडण्याची पद्धत सुचविली. त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये निघाले. घरी आल्यावर त्या समासात प्रश्न लिहावयाचे, उजवीकडील मजकूर हाताने झाकावयाचा आणि उत्तर मोठ्याने सांगून पाहावयाचे. जेथे अडेल तेथे खूण करावी व दुसऱ्या दिवशी ती वही घेऊनच अध्यापकांकडे जावे.