घरात तीन राऊटर, आणि सेटिंगचं पान भलत्याच डब्याचं उघडतं? आधी प्रत्येक डब्याला स्वतःचा पत्ता द्या



या आठवड्याच्या व्हिडिओत मी वायरी जोडून दाखवल्या. पण व्हिडिओ बघताना आकडे लिहून घ्यायचे राहून जातात. म्हणून तोच धडा इथे पायरीपायरीने लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, आज त्याचंच काम आहे.

आखाडा बाळापूरच्या एक ताई आपल्या वर्गाला यायच्या. हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात, हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं हे गाव. ताईंची जागा लांबट. पुढे रस्त्याला लागून ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान, मधे राहतं घर, मागे पत्र्याचं शेड. शेडमध्ये हळद पावडरचं पॅकिंग चालतं. इंटरनेटचा फायबरचा डबा दुकानात. शेडमध्ये रेंज येईना म्हणून एक राऊटर घेतला. मग मुलाच्या अभ्यासासाठी वरच्या मजल्यावर आणखी एक. झालं, तिथून गोंधळ सुरू.

शेडमधल्या मोबाइलवर ऑर्डर यायची, पण लेबल काढायला दुकानातला प्रिंटर तिथून दिसायचाच नाही. दिवसातून दोन-तीनदा अख्ख्या घराचं नेट गायब. १९२.१६८.१.१ टाकलं की कधी फायबरच्या डब्याचं पान उघडायचं, कधी वरच्या राऊटरचं. शेडमधल्या राऊटरचं पान तर दुकानातून उघडायचंच नाही. आणि दिवस कोणते? बारावीच्या निकालानंतरचे! पोरं फॉर्म भरायला उभी, आणि पान गोल गोल फिरतंय. दोन पोरं उठून शेजारच्या सेंटरला गेली, तेव्हा ताईंनी मला फोन केला.

"सर, हे सगळं काढून नवीन सेट घ्या म्हणतायत. घेऊ का?"

"ताई, आधी पैसे काढू नका. आधी वही काढा."

बिघाड कशाचा होता?

राऊटर बनवणारा असं धरून चालतो की घरात हा एकटाच राऊटर असणार. म्हणून प्रत्येक डबा कारखान्यातून दोन गोष्टी ठरवून येतो.

पहिली गोष्ट, स्वतःचा पत्ता. बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घर-ऑफिसच्या आतल्या वापरासाठी जगभर राखून ठेवलेत. १९९६ पासूनचा हा नियम आहे. त्यामुळे बाळापुरातल्या डब्यावर आणि पुण्यातल्या डब्यावर एकच आकडा असला तरी काही बिघडत नाही. पण एकाच घरात दोन डब्यांवर तोच आकडा आला, तर? एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर असल्यासारखं होतं. पत्र कधी या घरी, कधी त्या घरी.

दुसरी गोष्ट, पत्ते वाटायचं काम. याला डीएचसीपी म्हणतात. दवाखान्यात नंबर लावणारा माणूस असतो ना, तसं. घरात जो मोबाइल, लॅपटॉप, प्रिंटर येईल त्याला हा नंबर देतो. आता दवाखान्यात नंबर देणारे दोघं बसवा, आणि दोघांनी एकमेकांना विचारायचंच नाही. दोघंही पाच नंबरची चिठ्ठी देणार, आणि दारात भांडण.

ताईंच्या वरच्या राऊटरचं नेमकं हेच झालं होतं. पत्ता फायबरच्या डब्याचाच, आणि वाटपही चालू.

शेडमधल्या राऊटरचा घोटाळा वेगळा. त्याची वायर वॅन पोर्टमध्ये होती. हे पोर्ट बहुतेक डब्यांवर वेगळ्या रंगाचं किंवा बाजूला सुटं असतं. तिथे वायर लावली की तो डबा स्वतःच्या मागे वेगळा वाडा बांधतो. इंटरनेट चालतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण वाड्याच्या भिंतीपलीकडचा प्रिंटर आपोआप सापडत नाही, आणि दुकानातून त्या डब्याचं पानही उघडत नाही.

पायरी १: कागदावर घर काढा

प्रत्येक डब्यासाठी चार गोष्टी लिहा: कुठे ठेवलाय, खालच्या स्टिकरवर पत्ता काय, लॉगिन काय, आणि वायर कोणत्या पोर्टमध्ये आहे. तपासणी संपेपर्यंत वाय-फायची नावं वेगळी ठेवा, जसं दुकान, वर, शेड. नाव एकच असेल तर आपण कोणत्या डब्याला जोडलोय हेच कळत नाही.

पायरी २: मी आत्ता कुठे आहे?

मोबाइलचा डेटा बंद करा, नाहीतर मोबाइल गुपचूप सिमवरून जातो. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' इंग्रजीत टाइप करा. दोन ओळी बघा: आयपीव्ही४ ॲड्रेस हा तुमचा नंबर, डिफॉल्ट गेटवे हा तुमचा दरवाजा. मोबाइलवर वाय-फायच्या नावावर दाबून तपशिलात हेच मिळतं.

आता वाचा. दुकानात १९२.१६८.१.काहीतरी आणि शेडमध्ये १९२.१६८.०.काहीतरी? दोन वाडे झालेत. १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर? नंबर देणारा कुणी भेटलाच नाही. वायर किंवा डीएचसीपी बघा.

पायरी ३: एकेकाला बाजूला घेऊन विचारा

सगळे एकत्र असताना सेटिंग बदलायला जाऊ नका. शेडचा राऊटर टेबलावर आणा, बाकी वायरी काढा. फक्त तो आणि लॅपटॉप, मधे लॅनची वायर. लॅपटॉपचं वाय-फाय बंद. आता स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका, आकडे इंग्रजी. गुगल शोधाचं पान आलं, तर पत्त्याच्या आधी एचटीटीपी:// हे पूर्ण इंग्रजीत टाका.

तरीही उघडत नसेल तर लॅपटॉपला हाताने नंबर द्या. राऊटर १९२.१६८.०.१ असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.०.५० आणि मास्क २५५.२५५.२५५.०. काम झालं की ते परत 'ऑटोमॅटिक'वर आणायला विसरू नका. इथे बरेच जण अडकतात.

एवढं करूनही नाही झालं, तर राऊटर चालू असताना रिसेटच्या भोकात पिन घालून साधारण दहा सेकंद दाबा. पण फायबरच्या डब्याला रिसेट करू नका. त्यात कंपनीने भरलेली जोडणीची माहिती असते. ती पुसली की त्यांचा माणूस येईपर्यंत धंदा बंद.

पायरी ४: पत्ते वाटून द्या

ताईंच्या वहीत आम्ही हे लिहिलं:

- दुकानातला फायबरचा डबा: १९२.१६८.१.१, डीएचसीपी चालू, वाटप १०० ते २००
- वरचा राऊटर: १९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद
- शेडचा राऊटर: १९२.१६८.१.३, डीएचसीपी बंद
- प्रिंटर: १९२.१६८.१.२०, कायमचा

पहिले तीन भाग सगळ्यांचे सारखे, शेवटचा प्रत्येकाचा वेगळा. नंबर देणारा एकच. कायमचे नंबर वाटपाच्या बाहेर ठेवायचे, म्हणजे ते दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत.

करायचा क्रम असा. आधी राऊटरचा लॅन पत्ता बदला आणि सेव्ह करा. पान अडकेल. घाबरू नका, पान अडकलं म्हणजे बिघडलं नाही, तुम्ही जुन्या दारात उभे आहात. वायर काढून परत लावा, नवीन पत्ता टाका, पुन्हा लॉगिन करा. मग वाय-फायचं नाव-पासवर्ड ठरवा. सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. आता राऊटर जागेवर नेऊन दुकानातून आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन पोर्ट रिकामं.

नव्या राऊटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असतो. तो निवडला की बरंचसं काम आपोआप होतं. पण मग त्या राऊटरला नंबर मुख्य डबा देतो, आणि लोक जुन्या पत्त्यावर शोधत बसतात. मुख्य डब्याच्या 'जोडलेली उपकरणं' यादीत त्याचा नवीन पत्ता बघा, तिथेच तो राखून ठेवा आणि वहीत लिहा.

पायरी ५: हाक मारून बघा

दुकानातल्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' आणि पुढे पत्ता टाका. तिन्ही डब्यांना हाक मारा.

- उत्तर आलं, पानही उघडलं: काम झालं.
- उत्तर आलं, पान नाही: वायर चांगली आहे. ब्राउझर बदला, पत्ता पूर्ण टाका.
- उत्तरच नाही: वायर, पोर्ट, पत्ता याच क्रमाने बघा. तुम्ही गेस्ट वाय-फायवर तर नाही ना, तेही बघा.

सगळं जमलं की तिन्हीकडे वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल मात्र वेगळं: १, ६ आणि ११. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. तरी काही मोबाइल लांबच्या डब्याला चिकटून बसतात. वाय-फाय बंद-चालू केलं की जवळचा धरतात.

आपल्याकडच्या दोन अडचणी

पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल सहज शिरत नाही. तिथे रेंज वाढवणारा डबा लावण्यापेक्षा वायर न्या. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते. लाइटच्या वायरला बांधून नेऊ नका. ती उघड्यावरून गेली असेल तर वळवाच्या पावसात वीज कडाडायच्या आधीच दोन्हीकडून काढून ठेवा.

दुसरी अडचण लाइटची. लाइट जाऊन आली की सगळं एकदम चालू होतं, प्रिंटरला वेगळा नंबर मिळतो, आणि लॅपटॉप जुन्या नंबरवर हाका मारत राहतो. 'कालपर्यंत चालत होता' या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. म्हणून प्रिंटरला कायमचा नंबर. फायबरच्या डब्याला राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा, तोही फायद्याचा.

दुकान आहे, म्हणून हे जास्तीचं

फॉर्मच्या दुकानात लोकांचे आधार, पासबुक, मार्कशीट कॉम्प्युटरवर असतात. ग्राहकाने 'ताई, पासवर्ड सांगा ना' म्हटलं की मुख्य वाय-फायचा पासवर्ड देऊ नका. मुख्य डब्यावर गेस्ट वाय-फाय चालू करा. मग त्याला स्वतःचा मोबाइल जोडा आणि १९२.१६८.१.२० उघडतंय का बघा. उघडायला नको. दुय्यम राऊटरवर गेस्ट चालू करू नका, कारण ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरताना अनेक राऊटर गेस्टला वेगळं ठेवत नाहीत. आणि सेटिंगच्या पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदला.

मग नवीन सेट घेतला का?

नाही. दुकान बंद झाल्यावर आम्ही फोनवर बसलो, अडीच तास गेले. त्यातला पाऊण तास तर लॅपटॉपला दिलेला नंबर परत 'ऑटोमॅटिक' करायचा राहिला म्हणून वाया गेला. चूक माझीच, मी सांगायला विसरलो. शेवटी एक लांब वायर तेवढी विकत आणावी लागली. दुसऱ्या दिवशी शेडमधून लेबलं निघाली.

नवीन वस्तू घेऊच नये असं मी म्हणत नाही. डबा खरंच जळला असेल तर बदला. पण कुठे अडलंय हे न कळता घेतलेला तिसरा-चौथा डबा तोच जुना पत्ता घेऊन येतो आणि गोंधळ वाढवतो. सुरुवातीच्या धंद्यात ते पैसे पॅकिंगच्या पिशव्यांना लागतात.

गृहपाठ

१. आज रात्री घरातल्या सगळ्या डब्यांची यादी करा, पत्त्यासकट.
२. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर फक्त पत्ता लिहा. पासवर्ड वहीत, डब्यावर नाही.
३. दुकानातून सगळ्यांना पिंग करा. ज्याचं उत्तर येत नाही, तिथून उद्या सुरुवात.

वही गल्ल्याजवळ ठेवा. तुम्ही गावाला गेलात आणि नेट बंद पडलं, तर घरच्यांना तीच वाचून काम करता आलं पाहिजे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.