संदेशाचे व्याकरण चालविणे

चेन्नईच्या बंदरात वादळाची सूचना देण्याची एक जुनी पद्धत आहे. दिवसा ठरावीक आकारांची चिन्हे आणि रात्री दिवे डोलकाठीवर चढवून १ ते ११ यांपैकी एक क्रमांक दर्शविला जातो. पहिल्या क्रमांकाचा अर्थ असा की, दूर समुद्रात वादळ निर्माण होण्याचा संभव आहे. दहावा क्रमांक महासंकटाचा होय. अकरावा मात्र वाऱ्याविषयी काहीच सांगत नाही. हवामान कार्यालयाशी असलेला संपर्क तुटला आहे, एवढाच त्याचा अर्थ. या अकराव्या क्रमांकाकडे आपणांस पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

आता कोळ्याच्या खिशात मोबाईल आला आहे. चेन्नईच्या तारामणी भागातील एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान ही १९८८ साली स्थापन झालेली संस्था. तिने मच्छीमारांसाठी ‘फिशर फ्रेंड’ नावाचे मोबाईल अ‍ॅप तयार केले. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मिळणारे लाटांचे व वाऱ्याचे अंदाज आणि मासळी सापडण्याचा संभव असलेले प्रदेश अशा अ‍ॅपातून मच्छीमारांपर्यंत पोहोचतात. पण अंदाज वर्तविणारे यंत्र व फोनचा पडदा यांच्यामध्ये एक टप्पा असतो, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यंत्राकडून येते ती केवळ अक्षरांची एक माळ. तिच्यातील कोणते अक्षर कशाचे, हे फोनला ओळखावे लागते.

समजण्यासाठी आपणच एक लहानसा संदेश रचू :

{"ठिकाण": "चेन्नई", "लाट": २.५, "वारा": ३५}

या लेखनपद्धतीस जेसन म्हणतात. महिरपी कंस म्हणजे एका नोंदीची सीमा, अवतरणचिन्हांत नाव, विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर त्या नावाचे मूल्य, आणि स्वल्पविरामाने दोन जोड्या वेगळ्या होतात. (येथे अंक देवनागरीत छापले आहेत, जेसनच्या नियमाप्रमाणे संख्या मात्र इंग्रजी अंकांतच लिहावी लागते.) शाळेत शिक्षक वाक्य देऊन त्याचे ‘व्याकरण चालवा’ असे सांगतात, तेव्हा विद्यार्थी नाम कोणते, क्रियापद कोणते, हे एकेक पद घेऊन ठरवितो. पार्सर नावाचा प्रोग्रॅम हेच काम करतो. तो माळेतील अक्षरे एकामागून एक वाचतो, त्यांचे शब्द पाडतो, कंस जुळतात की नाही ते पाहतो आणि अखेरीस ‘२.५’ या तीन अक्षरांची एक खरीखुरी संख्या बनवितो. त्यानंतरच तिची तुलना किंवा बेरीज करता येते.

हा पार्सर स्वतः लिहिणे अशक्य नाही, परंतु शहाणपणाचेही नाही. अवतरणचिन्हाच्या आत आलेले अवतरणचिन्ह, मध्येच तुटलेला संदेश, तमिळ लिपीतील नावे, अशा शेकडो अडचणी दुसऱ्या कोणी आधीच सोडवून ठेविलेल्या असतात. अशा तयार प्रोग्रॅम-संचास लायब्ररी म्हणतात, आणि ग्रंथालयाप्रमाणेच तिचा उपयोग उसनवारीचा असतो. आयफोनच्या प्रणालीत जेसन वाचण्याची सोय २०११ साली आली. तोपर्यंत तेथील प्रोग्रॅमरांना इतरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्यांवरच भिस्त ठेवावी लागे. अँड्रॉइडमध्ये प्राथमिक सोय आरंभापासून होती. तरी गूगलने २००८ साली खुली केलेली जीसन ही लायब्ररी तेथे फार वापरली गेली. ती जोडणे एका ओळीचे काम आहे : अ‍ॅप बांधण्याच्या फाइलीत तिचे नाव व आवृत्तीचा क्रमांक लिहावयाचा. हा क्रमांक नेमका लिहावा. ‘जी सर्वांत नवी असेल ती’ असे म्हणू नये. मार्च २०१६ मध्ये अवघ्या ११ ओळींची एक उसनी लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली आणि जगभरातील असंख्य प्रोग्रॅमांची बांधणी अडून बसली.

आता अकराव्या क्रमांकाकडे वळू. समजा, एखाद्या दिवशी वरील संदेशात ‘लाट’ हे पदच आले नाही. अ‍ॅपातील लाटेचा रकाना साध्या संख्येचा असेल, तर जीसन तक्रार करीत नाही. रकान्यात आरंभी असलेले शून्य तसेच राहते. पडद्यावर लाटेची उंची ० मीटर दिसते आणि खवळलेला समुद्र कागदावर शांत होतो! बंदरातील जुन्या संकेतकारांनी ‘बातमी नाही’ यासाठी स्वतंत्र चिन्ह राखून ठेविले होते, त्यामागील विवेक येथे कळतो. उपाय अवघड नाही. रकाना असा घ्यावा की ज्यात ‘मूल्य नाही’ असेही नोंदविता येईल. अथवा कोटलिन भाषेसाठीच्या सीरियलायझेशन लायब्ररीसारखी, आवश्यक पद गळाल्यास चूक दर्शवून थांबणारी लायब्ररी निवडावी.

परंतु व्याकरण शुद्ध असूनही अर्थ चुकू शकतो. वारा ३५ म्हणजे काय? ताशी ३५ किलोमीटर असेल, तर तो जोराचा वारा होय. ३५ नॉट असेल, तर (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर) तो ताशी सुमारे ६५ किलोमीटर होतो, आणि भारतीय हवामान विभाग ३४ नॉटपासून पुढे चक्री वादळ मानतो. वेळेचेही तसेच. जागतिक वेळेनुसार २९ तारखेच्या रात्रीचे ८ म्हणजे आपल्याकडे ३० तारखेच्या पहाटेचा दीड. साडेपाच तास मिळविण्याचे राहून गेले, तर धोका टळला असे समजून होडी सुटेल. लायब्ररीला यातले काहीही ठाऊक नसते. ही जबाबदारी अ‍ॅप लिहिणाराचीच.

संदेश पोहोचलाच नाही तर पार्सर निरुपयोगी, हे निराळे सांगावयास नको. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळाने तमिळनाडू व केरळ येथील खोल समुद्रात गेलेल्या शेकडो मच्छीमारांचा बळी घेतला. किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरपलीकडे मोबाईलची हाक जात नाही. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण प्रसिद्ध झाले. ते गगन प्रणालीच्या उपग्रहांकडून संदेश घेते व ब्लूटूथने फोनकडे सोपविते. त्याची उकल करून प्रादेशिक भाषेत दाखविण्याचे काम फोनमधील अ‍ॅपच करते.

ज्या विद्यार्थ्यांस हा प्रयोग करावयाचा असेल, त्यांनी लायब्ररी जोडल्यावर प्रथम शुद्ध संदेश देऊन पाहावा. नंतर एक कंस गाळावा, लाटेचे पद पुसावे, संख्येच्या जागी शब्द लिहावा, संदेश अर्ध्यावर तोडावा आणि प्रत्येक वेळी पडद्यावर काय उमटते ते वहीत टिपून ठेवावे. जेथे ‘माहिती उपलब्ध नाही’ असे यावयास हवे तेथे शून्य आले, तर रकान्याचा प्रकार पुन्हा तपासावा.